चनबसप्पांचे डोळे

मारुतीच्या भाकरीचं गाठोडं मीच दोरीवरून काढलं, आणि मीच ते परत अडकवलं. काढलं ती चूक होती. परत अडकवलं ते मात्र पूर्ण शुद्धीवर असताना. या दोन्हींच्या मध्ये फार तर पाव तास गेला असेल. त्या पाव तासामुळे एका माणसाने चार वर्षं स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवला नाही. मला त्या माणसाबद्दल लिहायचं आहे. माझ्याबद्दल लिहावं लागेल तेवढंच लिहीन.

चनबसप्पा हे मादन हिप्परग्याजवळच्या दगडाच्या खाणीवरचे मुकादम. सगळे त्यांना अप्पा म्हणत. पोलीस अ‍ॅक्शननंतर आमच्या भागात सडकांची कामं निघाली, तेव्हा खडीसाठी ही खाण सुरू झाली. गुत्तेदार, म्हणजे कंत्राटदार, आठवड्यातून दोनदा जीपमधून येई. बाकीचे दिवस खाण अप्पांची. मी कोहिनूर गावचा, उर्दू शाळेत मिडलपर्यंत शिकलेला, बाविशीचा. हजेरी कारकून म्हणून लागलो होतो.

अप्पा उंच आणि वाळलेले होते. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीची लिंगाची डबी, डोक्याला धुवट पांढरा रुमाल. खाणीत सगळ्यांच्या अंगावर राखाडी धूळ बसे, त्यांचा रुमाल मात्र संध्याकाळपर्यंत पांढराच राही. सुरुंग लावायचं काम त्यांचं. दगडात पहारीने भोकं पाडून झाली की ते स्वतः दारू ठासत, वात सोडत आणि दुपारी भाकरीच्या वेळेला पेटवत.

पेटवण्याआधी खाली कुणी राहिलं नाही ना, हे बघण्याची त्यांची एक रीत होती. तशी मी दुसऱ्या कुठल्या खाणीवर पाहिली नाही. खाणीच्या तोंडाशी दोन कडुलिंबांच्या मध्ये त्यांनी एक जाड दोरी बांधली होती. तिला तारेचे आकडे. सकाळी खाली उतरताना प्रत्येकाने आपल्या भाकरीचं गाठोडं आपल्या आकड्याला अडकवायचं आणि दुपारी वर आल्यावर आपलं आपण काढून न्यायचं. दोरी रिकामी झाली की सगळे वर आले. एकही गाठोडं लोंबत असेल, तर वात पेटणार नाही.

मी त्यांना विचारलं होतं, "अप्पा, हे तुम्हाला कोण शिकवलं?"

"भुकेनं," ते म्हणाले. "मानूस हजेरी इसरतो, कामाचं सामान इसरतो, बायकोचा निरोप इसरतो. भाकरी इसरत न्हाई."

दोरीचा नियम एकच होता: ज्याची भाकरी त्यानेच काढायची. एकदा तिप्पव्वा नावाच्या बाईने आपल्याबरोबर नवऱ्याचंही गाठोडं काढून घेतलं. नवरा तिच्या शेजारीच उभा होता. अप्पांनी तिला गाठोडं परत अडकवायला लावलं.

"ह्यो काय हितंच हाय की अप्पा! दिसंना का तुमाला?" ती हसत म्हणाली.

"दिसायलाय. त्येला हात न्हाईत का?"

"हात हाईत, पर बायको बी हाय."

सगळे हसले. अप्पा हसले नाहीत. नवऱ्याने स्वतः गाठोडं काढेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. मग खाणीच्या काठावर जाऊन तीन भाषांत हाळी दिली, "सरीऽरी! सरकाऽ! हटोऽ!" आणि खाली उतरले.

एका बाजाराच्या दिवशी एक गाठोडं दोरीवर तसंच राहिलं. ज्याचं होतं तो माणूस पोटात कळ आली म्हणून सकाळीच कुणाला न सांगता गावाकडे गेला होता. दोघातिघांनी त्याला जाताना पाहिलं होतं. अप्पा ऐकेनात. त्यांनी गावात माणूस पाठवला. तेवढ्यात गुत्तेदाराची जीप आली. खडीच्या गाड्या खोळंबलेल्या बघून तो भडकला.

"अरे चनबसप्पा, लोक सांगतायत तो गेला म्हणून. तू त्या फडक्याचं ऐकतोस? भाकरीला पाय असतात का?"

"न्हाईत, मालक," अप्पा शांतपणे म्हणाले. "म्हून तर तिच्यावर इसवास हाय. मानसाला पाय असत्यात, तो कुटं बी जातो."

गुत्तेदार एक शिवी हासडून जीपमध्ये बसून राहिला. दीड तासाने तो माणूस पोट धरून गावातून आला, गाठोडं काढलं आणि अप्पांच्या पाया पडू लागला. अप्पांनी त्याला हाताने बाजूला सारलं आणि वातीकडे गेले. त्या दिवसाची त्यांची मजुरी गुत्तेदाराने कापली. ते त्याबद्दल कुणाशी काही बोलले नाहीत.

अप्पा कुणाबरोबर जेवत नसत. सुरुंग उडाल्यावर ते आपलं गाठोडं घेऊन लांबच्या एका बाभळीखाली जात, आमच्याकडे पाठ करून बसत, डोळे मिटून लिंगाला हात लावत आणि जेवत. आधी मला तो सोवळेपणा वाटला. बायको जाऊन पुष्कळ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. गावात बहिणीची मुलगी गौराक्का होती, तिच्या घराच्या मागच्या खोलीत ते राहत. एवढा एकटा माणूस चार घास माणसांत बसून का खात नसेल, याचं मला नवल वाटे.

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावास्येला, आमच्याकडे सगळी माणसं शेतात जेवायला जातात. भज्जी, उंडे, आंबिलाचं मडकं. रस्त्याने जाणाऱ्या परक्यालाही हाताला धरून बसवतात. त्या दिवशी खाण बंद होती. मी आणि मारुती त्याच्या शेतात होतो. मारुती माझ्याच वयाचा, खाणीवर पहार चालवणारा. चेष्टेखोर माणूस. माझी त्याची दोस्ती पहिल्या आठवड्यातच जमली होती. बांधावरून अप्पा जाताना दिसले.

"अप्पा, या की! आज तर खान बंद हाय, आज कुनाची भाकरी मोजायलाव?" मारुती ओरडला.

अप्पा बांधावर आले. उभ्यानेच आंबील प्याले. मारुतीच्या बायकोने ताट वाढलं, तर मानेने नको म्हणाले.

"आमच्या घरचं चालत न्हाई व्हय, अप्पा?" ती जराशी दुखावून म्हणाली.

"तसं न्हाई, माय." त्यांनी भांडं खाली ठेवलं. आम्हाला उत्तर द्यावं की नाही याचा त्यांनी विचार केला असावा. "तुज्या घरचं जेवलो, की उद्या दोरीवर तुज्या हातचं गाठोडं दिसलं तर मला तू दिसशील, तुजी लेकरं दिसतील. मग मन म्हनंल, मारत्या असाच हाय, आसंल कुटं तरी बोलत उबा. ओळकीच्या मानसाबद्दल मन लौकर ठरवतं. मला गाठोडंच दिसाय पायजे."

ते गेल्यावर मारुती म्हणाला, "बग कारकून, म्हातारा सोताला बी खुंटीला अडकवून ठेवलाय." आम्ही खूप हसलो. मला आज ते हसू आठवतं.

तरीही अप्पांनी एका माणसाला जवळ केलं होतं. मला. दोरी बघून झाली की ते मोठ्याने विचारत, "कारकून, समदे वर हाईत?" मी वही बघून "व्हय" म्हणायचं, मगच ते उतरत. "दोन तोंडांनी बोललेलं बरं आसतं," असं ते म्हणत. लिहिता-वाचता येणारा माणूस खोटं बोलणार नाही, अशी त्यांची भाबडी समजूत होती.

तो दिवस फाल्गुनातला. मारुती सकाळीच म्हणाला होता, "आंग मोडून यायलंय रे." दुपारी माणसं वर येऊ लागली. मला भूक लागली होती. आम्ही दोघं रोज एकत्र जेवत असू. त्याच्या बायकोची कारळाची चटणी आणि माझ्या खोलीवरचं पिठलं. त्याला बरं नाही, तर आपण सावली धरून ठेवावी, त्याचं जेवण मांडून ठेवावं, असं माझ्या मनात आलं. मी माझ्याबरोबर त्याचंही गाठोडं काढलं आणि टेकाडामागच्या झाडाखाली नेलं. तिप्पव्वाने केलं होतं तेच. पण कारकुनाच्या हाताकडे कोण बघतं? मी दोरीपाशीच तर बसत असे.

मारुती हातपाय धुवायला विहिरीकडे गेला असेल, असं मी ठरवून टाकलं. तो तसाच होता.

अप्पांची हाक आली, "कारकून, समदे वर हाईत?"

मी वही उघडली नाही. "व्हय अप्पा, लावा," म्हणालो.

त्यांनी हाळी दिली. मारुती तेव्हा खाणीच्या जुन्या कपारीत, सावलीला, तापाने ग्लानी येऊन पडला होता. वात पेटवायच्या जागेवरून ती कपार दिसत नाही.

धमाक्यानंतर दगड पडायचे थांबले आणि खालून आवाज आला. तो माणसाचा आहे हे कळायलाही मला वेळ लागला. सगळे खाली धावले. अप्पा सगळ्यांच्या पुढे होते. मी धावलो नाही. मी झाडाखाली उभा होतो आणि माझ्यासमोर दोन गाठोडी होती. मारुतीचं अजून सोडलेलं नव्हतं. मी ते उचललं, दोरीपाशी आलो आणि त्याच्या आकड्याला अडकवलं. मग खाली धावलो.

मारुतीला वर आणलं तेव्हा त्याचा डावा पाय गुडघ्याखाली उरला नव्हता. अप्पांचा रुमाल त्याच्या मांडीला आवळून बांधला होता. काठावर आल्यावर कुणीतरी किंचाळलं, "गाठोडं! गाठोडं हाय की दोरीवर!"

अप्पांनी मान वळवली. त्या लोंबत्या गाठोड्याकडे ते बघत राहिले. मी त्यांचा चेहरा पाहिला. त्यावर भीती नव्हती, रागही नव्हता. दिवसाउजेडी वाट चुकलेल्या माणसासारखा तो चेहरा होता.

दोन दिवसांनी ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, चौकशीला आले. गुत्तेदाराने आधीच सगळं त्यांच्या कानावर घातलं होतं: म्हातारा झालाय, नजर गेलीय, आपण दयेने ठेवला होता. माणसं गोळा झाली. अमीनसाहेबांनी विचारलं, "दोरी देखी थी?"

"बगितलो, साहेब. रिकामी दिसली."

"तो फिर गठडी कहाँ से आई?"

अप्पांनी एकदा दोरीकडे पाहिलं. मग म्हणाले, "गाठोडं हाय, ते समद्यांनी बगितलंय. म्हंजी ते व्हतंच. मला दिसलं न्हाई."

अमीनसाहेब माझ्याकडे वळले. "तुम वहीं बैठते हो. तुमने क्या देखा?"

अप्पांनीही माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता. खरंच विचारत होते ते. मी दुसरं तोंड होतो.

"मी हजेरी लिहीत होतो, साहेब," मी म्हणालो. "माझं लक्ष नव्हतं."

अप्पांना त्याच दिवशी काढलं. कागदावर अंगठा करताना त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग पुन्हा जवळ नेला. संध्याकाळी गुत्तेदार माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "उद्यापासून दोरी तू बघ. तुझे डोळे तरुण आहेत." पुढचे सात महिने रोज दुपारी मी ती दोरी बघत होतो.

मला सांगायची आणखी एक संधी मिळाली होती. मारुती गुलबर्ग्याच्या दवाखान्यातून दोन महिन्यांनी घरी आला. मी त्याला भेटायला गेलो. तो भिंतीला टेकून बसला होता, मी त्याच्या उशाशी. दारात अप्पा आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून त्यांनी डोक्याचा रुमाल काढला आणि उंबऱ्यावर ठेवला. त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मारुती, माजी चूक झाली बाबा. मला माफी कर."

"तुमी दोरी बगितलावच न्हाई," मारुती म्हणाला. त्याचा आवाज अगदी थंड होता. "तसं म्हना. मग माफ करतो."

"बगितलो व्हतो. दिसलं न्हाई."

"येवडं मोटं गाठोडं दिसलं न्हाई? लबाड बोलायलाव, अप्पा. जनमभर आमाला दोरी शिकवलाव आन येक दिवस बगायचा कंटाळा केलाव. पाय गेला त्येचं मला कायी न्हाई. पर लबाड बोलू नगा."

अप्पा खोटं बोलले असते तर माफी मिळत होती. ते वाकले, रुमाल चाचपून उचलला आणि निघून गेले. मारुती माझ्याकडे वळून म्हणाला, "तूच सांग कारकून, कामून करत आसंल म्हातारा आसं?" मी जमिनीकडे बघत म्हणालो, "वय झालं त्यांचं."

त्यानंतर पाच महिन्यांनी मी खाण सोडली. कल्याणी गावी एका अडतीवर चिठ्ठीपत्री लिहायचं काम धरलं. लग्न झालं. मारुतीला भेटायला मी पुन्हा गेलो नाही. मला वाटायचं, विसरलो. पण दुपारचं जेवताना समोर कुणी बसलेलं मला चालेनासं झालं होतं.

भाषांप्रमाणे राज्य मोडून जिल्हे वाटले जाणार, असं जो तो बोलत होता त्या वर्षी, आळंदच्या बाजारात मला गौराक्का भेटली. मी अप्पांची चौकशी केली. ती बाजूला घेऊन म्हणाली, "काय सांगू अण्णा. डोळं गेले म्हनतो. गुलबर्ग्याला न्हेलो, तर डाक्तर म्हनला, डोळं निरमळ हाईत. ह्यो ऐकंना. ताटात काय वाडलंय ते मला इचारतो. दार लावलंय का इचारतो, मग हात लावून बगतो. पोरगं समोर उबं आसलं तर म्हनतो, हितं कुनी हाय का? हाय म्हनलं तरी इसवास न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी मादन हिप्परग्याला गेलो.

अप्पा मागच्या खोलीच्या पायरीवर बसले होते. रुमाल मळका होता. माझी चाहूल लागल्यावर त्यांनी माझ्याकडे स्वच्छ, सरळ पाहिलं आणि विचारलं, "कोन हाय?"

"मी कारकून, अप्पा."

"कारकूनच दिसायलास. पर म्हनलं, इचारावं."

मी त्यांच्या समोर खाली बसलो आणि सांगितलं. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं विसरलो. गाठोडं मी काढलो, अप्पा, आणि मीच परत अडकवलो, एवढंच आलं.

ते पुढे वाकले. मग म्हणाले, "परत बोल."

मी परत बोललो.

"म्हंजी मी बगितलो तवा दोरी रिकामी व्हती."

"व्हय."

"रिकामी व्हती?"

"व्हय अप्पा. रिकामी व्हती."

त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. अंगणात गौराक्काचं धुणं वाळत होतं, कोंबडी माती उकरत होती, कुंपणाला एक फाटकी पोतडी लटकत होती. त्यांची नजर एकेका वस्तूवर जाऊन थांबत होती. तोंडाने काही म्हणत नव्हते. मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

"चार वर्सं," ते म्हणाले. "चार वर्सं गौरीला इचारून मीठ घेतलोय. तुज्या तोंडाला इसवासलो, कारकून. सोताच्या डोळ्याला न्हाई." आणि मग, "कामून केलास?"

मी सांगू लागलो. घाबरलो होतो. घरी विधवा आई होती. मिडल पास होऊन दोन वर्षं बसून काढल्यावर मिळालेली पहिली नोकरी होती. मारुतीच्या प्रेमापोटीच गाठोडं काढलं होतं. त्यांनी मला मध्ये तोडलं नाही. सगळं संपल्यावर म्हणाले, "आसंल. समदं खरं आसंल." आणि उठले. "चल मारुतीकडं. पर ह्ये समदं तितं सांगू नगंस. त्येला पाय न्हाई. त्येला तुजी आई कशाला पायजे?"

गल्ली उतरणीची होती. मी हात पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही. गटारीवरची फरशी त्यांनी न चाचपता ओलांडली. मागे दारात गौराक्का तोंडावर पदर धरून उभी होती. अप्पांची अशी पाठमोरी मूर्ती मी तेव्हा शेवटची पाहिली. दोन पावसाळ्यांनी ते गेले.

मारुतीने घरासमोर बिडी-काडीचं दुकान टाकलं होतं. दोन गिऱ्हाइकं उभी होती. अप्पांना बघून त्याने मान फिरवली. माझ्याकडे बघून त्याचा चेहरा उजळला. "अरे कारकून! मेलास का म्हनलं! कवा आलास?"

अप्पा म्हणाले, "ह्येला काय तरी सांगायचंय. ऐकून घे." ते बाजूला सरकून उभे राहिले. गिऱ्हाइकं गेली नाहीत. मीही त्यांना जा म्हणालो नाही.

"मारत्या, अप्पा खरं बोलत व्हते," मी म्हणालो. "दोरी रिकामीच व्हती. तुजं गाठोडं मी काढलो व्हतो. तुला दगडातून काढायलेते तवा मीच ते परत अडकवलो. अमीनसाहेबाम्होरं मी खोटं बोललो, आन तुज्या उशाशी बसून गप ऱ्हायलो. तुजा पाय माज्यामुळं गेला. अप्पाची आब्रू माज्यामुळं गेली. तुमी दोगं मला माफ करा."

अप्पांनी सांगितलं होतं म्हणून आईचं, नोकरीचं मी पुढे काही बोललो नाही.